कंबरेचं दुखणं आणि आमचा मुलूख

मागच्या वर्षी कलबुर्गीला हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. बाकावर आम्ही अकराजणी होतो. एक आळंदकडची, दोघी चित्तापूरच्या, एक बीदरहून पहाटेची निघालेली. प्रत्येकीच्या मांडीवर कापडदुकानाची पिशवी, आणि पिशवीत कापडाऐवजी फोटो, रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या. "नडा ब्यानी," चित्तापूरची म्हणाली. "कमर में दर्द है, बहन," बीदरची म्हणाली. "कंबर दुखायलीय बघा, बसवतच नाही," आळंदची म्हणाली. एका दुखण्याला तीन भाषा. आणि गंमत अशी, की आळंदच्या बाईला आपला वाटणारा 'कंबर' हा शब्दही मूळचा फारशीच, बीदरच्या बाईच्या 'कमर'चाच सख्खा भाऊ. सुलतान आले, गेले. शब्द मात्र आमच्या कंबरेलाच येऊन बसला.

डॉक्टरांनी आळंदच्या बाईला विचारलं, "किती दिवस झाले?"

"सहा."

"सहा महिने?"

"वर्षं."

डॉक्टर काही बोलले नाहीत. मी मात्र हसले नाही, कारण मला माझी आत्या आठवली. या लेखात मी सांगणार आहे ते मालखेडचं आणि बीदरचं. पण सुरुवात आत्यापासून केल्याशिवाय मला ते सांगता येणार नाही.

आत्या बालविधवा. आळंदला आमच्याच वाड्यात राहायची. पहाटे विहिरीचं पाणी, मग मंदिराचं सोवळ्याचं पाणी, मग जातं, मग शहाबादी फरशीवर उकिडवं बसून धुणं. शहाबादी फरशी आमच्याच जिल्ह्यातली. पुण्यामुंबईच्या स्वयंपाकघरांत ती पोचली, लोक तिचं कौतुक करतात. पण ती खाणीतून काढणाऱ्याची कंबर आणि तिच्यावर बसून धुणाऱ्या बाईची कंबर, दोन्हींचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तुरीचंही तसंच. कलबुर्गीला तुरीचं कोठार म्हणतात, २०१९ साली इथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण खुरपण करणारी बाई दिवसभर वाकूनच असते.

तर आत्याची कंबर दुखायला लागली ती १९५५ च्या सुमाराला. मी तेव्हा जेमतेम चालत होते. जे सांगते ते आईकडून आणि वडिलांकडून ऐकलेलं. पहिल्यांदा सगळ्यांनी म्हटलं, उसण भरली. मग पायाळू माणूस आणला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्या पायाला गुण असतो, असं आपल्याकडे समजतात. गल्लीतला एक पोरगा पायाळू होता. त्यानं आत्याच्या पाठीला हळूच लाथ मारली, आणि त्याला गूळ-खोबरं मिळालं. आत्या म्हणाली, "बरं वाटायलंय ग." आई सांगायची, "बरं वाटायला काय झालं होतं? पोरगं बिचारं हिरमुसू नये म्हणून म्हणाली."

मग विटेचा शेक. मग निरगुडीचा पाला. मग तेल. मग एक वैद्य आले आणि म्हणाले, हे चूर्ण मधातून घ्या. इथं आमच्या घरात पेच पडला. मध आम्हाला वर्ज्य. मद्य, मांस आणि मधु हे तीन मकार सोडणं ही श्रावकाची पहिली पायरी. आजीनं चूर्णाची पुडी परत केली. वैद्य रागावले, "अनुपान बदललं तर गुण कसा येणार?" आजी म्हणाली, "गुण नाही आला तरी चालंल." आता हे वाक्य आजी स्वतःच्या कंबरेबद्दल बोलली असती तर मी तिला नमस्कार केला असता. पण कंबर आत्याची होती.

वडिलांना वाचनाचा नाद होता. त्यांनी कपाटातून एक जाड ग्रंथ काढला. सोलापूरला १९४० साली छापलेला, पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादित केलेला, हिंदी अनुवादासह. 'कल्याणकारक'. कर्ता उग्रादित्याचार्य. वडील आजीला म्हणाले, "हे बघ, आपल्या मुनींनीच वैद्यक लिहून ठेवलंय. यात मध नाही, मांस नाही, दारू नाही. आणि तरी औषधं आहेत." त्या ग्रंथातलं पाहून त्यांनी काय दिलं ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून आत्याचं चूर्ण गुळातून आणि तुपातून सुरू झालं, एवढं आईला पक्कं आठवत होतं.

तो ग्रंथ आता माझ्याकडे आहे. पाठ फाटलीय, माझ्यासारखीच.

उग्रादित्य हे नवव्या शतकातले दिगंबर आचार्य. गुरू श्रीनंदी. ग्रंथ संस्कृतात, आणि त्रिकलिंग देशातल्या रामगिरीवर, म्हणजे पूर्वेकडे आंध्रात लिहिलेला. त्यांनी आपल्या आधीच्या जैन वैद्यांची यादीच दिली आहे: डोळे-कान-नाकाच्या शालाक्यात पूज्यपाद, शल्यात पात्रस्वामी, विषावर सिद्धसेन, बाळांच्या रोगांवर मेघनाद. यांतल्या बहुतेकांचे वैद्यकाचे ग्रंथ आज हातात नाहीत. एका अख्ख्या परंपरेची आठवण त्या दोन-चार ओळींवर उभी आहे. पुढं बाराव्या शतकात जगद्दळ सोमनाथानं पूज्यपादांच्या वैद्यकाचं कन्नड रूप केलं, त्याचंही नाव 'कर्नाटक कल्याणकारक', आणि त्यातही हे तीन मकार नाहीत.

पण मला उग्रादित्यांचा शेवटचा भाग सर्वांत प्रिय आहे. त्याला हिताहित अध्याय म्हणतात. राजा नृपतुंगाच्या सभेत, जमलेल्या वैद्यांसमोर, त्यांनी मांस हे औषध नाही असं प्रतिपादन केलं. ते या भागात आहे. नृपतुंग म्हणजे राष्ट्रकूट अमोघवर्ष. आणि त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आमचं मालखेड, कलबुर्गीहून सेडमच्या रस्त्याला चाळीसेक किलोमीटर, कागिणा नदीच्या काठी. ज्या रस्त्यानं सिमेंटचे ट्रक धावतात त्या रस्त्यावर. मी दोनदा गेले आहे. पडका किल्ला आहे, जुनी नेमिनाथ बसदी आहे. जिनसेनाचार्य याच राजाचे गुरू, महावीराचार्यांचं गणितही याच काळातलं. पुस्तकात हे सगळं वैभव म्हणून वाचतो. मला तिथं उभं राहून वेगळंच वाटलं. एक नग्न साधू चालत चालत शेकडो कोस आला, आणि राजासमोर, मोठमोठ्या वैद्यांसमोर म्हणाला की दुसऱ्या जिवाला मारून रोग्याला बरं करता येत नाही. जिंकला की हरला ते सोडा. त्यानं नुसता नकार दिला नाही. त्याच्या हातात पंचवीस परिच्छेदांचा ग्रंथ होता: वाताला हे, पित्ताला हे, कफाला हे. 'हे घेऊ नका' म्हणणाऱ्यानं 'मग हे घ्या' म्हणण्याचं कष्ट घेतलं होतं.

आजीनं पुडी परत केली आणि उग्रादित्यांनी पर्याय लिहिला, यात जो फरक आहे तो मला फार उशिरा कळला. श्रावकाच्या चार दानांत आहार, अभय आणि शास्त्र यांच्याबरोबर औषधदान आहे. सोलापूरच्या दोशी घराण्यानं हा ग्रंथ छापला, आणि त्याच गावात जैन समाजाच्या देणगीतून आयुर्वेदाचं रुग्णालयही उभं आहे, सखाराम नेमचंदांच्या नावाचं. आमच्या भागातली कितीतरी माणसं तिथं जाऊन आली आहेत.

आता बीदर. मालखेडनंतर सहाशे वर्षांनी, आणि अगदी वेगळ्या माणसांचं. बहमनींची गादी १३४७ मध्ये गुलबर्ग्याला बसली, मग अहमदशहा वलीनं ती बीदरला नेली. त्याचा मुलगा दुसरा अलाउद्दीन अहमद, राज्य १४३६ ते १४५८. यानं बीदरला दवाखाना बांधला. औषधपाण्याचा आणि रोग्यांच्या जेवणाचा खर्च भागावा म्हणून गावं लावून दिली, आणि त्यात हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम दोघेही नेमले. हे लिहिलंय फरिश्त्यानं, विजापूरच्या आदिलशाहीत. फरिश्ता नुसता इतिहासकार नव्हता. त्यानं वैद्यकावरही ग्रंथ लिहिला आणि त्यात इथल्या देशी वैद्यकाचं ज्ञान फारशीत आणलं. म्हणजे दवाखान्याची गोष्ट सांगणारा स्वतः औषधातला जाणकार होता. बीदरला महमूद गवानचा मदरसा बघायला लोक येतात, निळ्या फरशांचे फोटो काढतात. हा दवाखाना कुठं होता म्हणून मी विचारत फिरले तर कुणी बोट दाखवलं नाही. वजिरानं बांधलेली शाळा टिकली, राजानं बांधलेला दवाखाना गेला.

मला नेहमी वाटतं, त्या दवाखान्यात कंबर धरून आलेली एखादी बाई असेल का? कोष्ट्याची, कुंभाराची, पाणी भरणारी? हकिमानं नाडी पाहिली असेल, वैद्यानं वात म्हटलं असेल, दोघांनी तेलच दिलं असेल. इतिहासात ती नाही. सुलतानाचं दुखणं बखरीत येतं, बाईच्या कंबरेचं दुखणं येत नाही, कारण ते दुखणं आहे असं मुळात बाईलाही वाटत नाही. त्याच बीदर जिल्ह्यातल्या कल्याणात बाराव्या शतकात वैद्य संगण्णा नावाचे शरण होऊन गेले. पेशानं वैद्य, आणि वचनांतही रोग-औषधाचीच भाषा. म्हणजे या मातीत राजा, साधू, शरण, सगळे औषधाचं बोलत होते. फक्त आमच्या आत्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

पोचत नव्हतं म्हणजे काय ते सांगते. १९५६ चा पावसाळा संपेपर्यंत आत्याला संध्याकाळी बारीक ताप यायला लागला. अंग वाळलं. रात्री घाम. दुखणं झोपेतूनही उठवायचं. आई म्हणायची, "कामानं दुखणारी कंबर रात्री निजल्यावर थोडी तरी निवते. हिची निवेना." पण तापाला वेगळा काढा, वाळण्याला वेगळं दूध, कंबरेला वेगळं तेल. तिन्ही एकाच रोगाची बोटं आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याच १ नोव्हेंबरला राज्यांची नवी रचना झाली. जुना बीदर जिल्हा फाटला: उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेले, भालकी, औराद, बीदर म्हैसूर राज्यात राहिले. आमचं आळंद गुलबर्ग्याबरोबर इकडंच. वडील सांगायचे, सगळा गाव सीमेवर बोलत होता आणि घरात आत्या भिंतीला धरून चालत होती.

मग एके दिवशी आईनं तिला न्हाऊ घालताना पाठीवरून हात फिरवला आणि कण्याच्या मधोमध एक टोक हाताला लागलं. एक मणका बाहेर आल्यासारखा.

हाडाचा क्षय. मणक्याचा टीबी. पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज शल्यवैद्यानं १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला पॉटचा रोग म्हणतात. इजिप्तच्या ममींतही तो सापडला आहे. जंतू फुप्फुसातून रक्तावाटे कण्यात जातो आणि मणक्याचा पुढचा भाग हळूहळू खातो. पुढून पोकळ झालेला मणका खचतो, आणि मागं टोक येतं. दाब मज्जारज्जूवर आला तर पाय जातात. हे व्हायला महिने लागतात, आणि त्या सगळ्या महिन्यांत रोगी एवढंच म्हणतो, की कंबर दुखते.

गुलबर्ग्याच्या एका डॉक्टरांनी फोटो काढला आणि मिरजेला न्या म्हणाले. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, विल्यम वानलेस यांचं. क्षयाच्या रोग्यांसाठी वानलेसवाडीला वेगळं आरोग्यधाम. आमच्या भागातून तेव्हा मोठ्या दुखण्याला माणूस एकतर हैदराबादला जायचा, नाहीतर मिरजेला. आळंदहून मोटारीनं गुलबर्गा, तिथून मुंबईच्या गाडीनं कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची ती छोटी गाडी, पंढरपूरवरून मिरजेला. अडीच फुटांच्या रुळांवर डबा असा हलायचा की धडधाकट माणसाची कंबर दुखावी. वडिलांनी आत्याला दोन बाकांमध्ये फळी टाकून निजवलं. डब्यात वारकरी होते. त्यांनी आपल्या घोंगड्या काढून फळीखाली दिल्या आणि स्वतः उभे राहिले. वडील ही गोष्ट सांगताना दर वेळी इथं थांबायचे.

तिथं पुन्हा तोच पेच आला. त्या काळी क्षयाच्या रोग्याला अंडी आणि कॉड लिव्हर ऑइल म्हणजे माशाचं तेल हे घरोघरचे डॉक्टर सांगतच असत. गुलबर्ग्यालाच चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. आत्यानं दोन्हीला हात लावला नाही. दूध, शेंगदाणे, डाळ आणि ऊन यांवर राहिली. आणि दिवस मावळल्यावर पाणीही नाही, म्हणून गोळ्या उजेड आहे तोवर. बरं ती झाली ती स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांनी, पीएएसच्या पुड्यांनी आणि आयसोनायझिडच्या गोळ्यांनी. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, आयसोनायझिडचा क्षयावर वापर १९५२ मध्ये सुरू झाला. म्हणजे दहा वर्षं आधी दुखली असती तर ती वाचती ना. पुढं मी वाचलं, की स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूपासून काढतात, आणि मला हसू आलं. आत्यानं मध नाकारला, तेल नाकारलं, आणि मातीतल्या सूक्ष्म जिवांनी तिला जगवलं. तिला सांगितलं असतं तर तिनं त्यांच्यासाठी प्रतिक्रमण केलं असतं.

अकरा महिने ती प्लॅस्टरच्या पलंगात उताणी होती. याबद्दल आजचं ज्ञान वेगळं आहे. मद्रासला १९५९ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासानं दाखवलं, की फुप्फुसाच्या क्षयाचा रोगी घरी राहून औषधं घेऊनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो. आणि मणक्याच्या क्षयाबद्दल कोरियात मासान आणि पुसानला झालेल्या चाचण्यांचे निकाल १९७३ मध्ये आले: नीट औषधं चालू असतील तर महिनोनमहिने पलंगाला खिळण्यानं किंवा प्लॅस्टरच्या जाकिटानं जास्तीचा फायदा होत नाही. आत्याचे ते अकरा महिने तसे गरजेचे नव्हते. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, एवढंच. ती मात्र म्हणायची, "जन्मात पहिल्यांदा निजून राहिले. कुणी ऊठ म्हणालं नाही."

पाठीवरचं टोक तसंच राहिलं. चालायची, पण वाकून. १९८८ पर्यंत जगली.

आता माझी गोष्ट थोडक्यात, कारण ती थोडकीच आहे. माझी कंबर तीन वर्षं दुखतेय. एका शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात एमआरआय काढला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यातली गादी फुगलीय असं निघालं, आणि लगेच ऑपरेशनचा आकडा सांगितला. मी घाबरले. मणक्यातली गादी सरकून नस दाबते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडलं, तेव्हापासून गादीचं प्रस्थ वाढलं. पण १९९४ मध्ये एक अभ्यास झाला: कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त जणांच्या एका तरी गादीला फुगवटा निघाला. म्हणजे फोटोत दिसतं तेच दुखतं असं नाही. केस पांढरे व्हावेत तशा गाद्याही उतरतात.

कलबुर्गीच्या त्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. रात्री दुखण्यानं जाग येते का? ताप? वजन उतरलं? घरात कुणाला टीबी? पायांत जोर कमी वाटतो? लघवीवर ताबा आहे ना? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले, फक्त टीबीच्या प्रश्नाला आत्याचं सांगितलं. त्यांनी पाठीवरून, मणक्यावरून मणक्यावर, सावकाश बोट फिरवलं. आई न्हाऊ घालताना फिरवत होती तसंच. म्हणाले, रक्त तपासून घेऊ, पण बहुधा साधी कंबरदुखी आहे. झोपून राहू नका, चाला, हे चार व्यायाम करा, वजन थोडं कमी करा. सुई नाही, ऑपरेशन नाही. अशी साधी कंबरदुखीच बहुतेकांची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती. त्या गर्दीत मी बसले, आणि खरं सांगते, हलकं वाटलं.

गोळी रात्री जेवणानंतरची होती. मी म्हटलं, मी सूर्यास्ताआधी जेवते. ते म्हणाले, "मग साडेपाचला घ्या. त्यात काय?"

बाहेर आले तर आळंदची बाई आत जायच्या तयारीत उभी होती. मी तिला म्हटलं, "बाई, रात्री ताप येतो का तुम्हाला? वाळलायत का?" ती बघतच राहिली. म्हणाली, "संध्याकाळचं अंग कढतं थोडं. पण ते कशाला सांगू? मी कंबरेसाठी आलेय."

"ते आधी सांगा," मी म्हटलं, आणि तिची पिशवी धरून तिच्याबरोबर परत आत गेले.